गाढवावरचा जावई

धुळवड तीन-चार दिवसांवर आली की बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात, विडा नावाच्या गावात, शोधमोहीम सुरू होते. गावाच्या लेकी कुठे कुठे दिल्या आहेत, यंदा नवा जावई कोणाचा, तो सणाला आलाय की काहीतरी निमित्त काढून घरीच राहिलाय, याचा हिशोब तरणी पोरं लावतात. एकदा माणूस हेरला की त्याच्यावर पाळत राहते. रात्रीतून दाजी गाव सोडून जाऊ नयेत, एवढंच त्यामागचं कारण. धुळवडीच्या सकाळी त्याला गाढवावर बसवायचं, गळ्यात खेटरांचा हार घालायचा, रंग उधळत, वाजतगाजत गावातून फिरवायचं आणि मारुतीच्या देवळापाशी उतरवायचं. तिथे त्याला त्याच्या पसंतीचे नवे कपडे मिळतात.

ही चाल गावात आठ-नऊ दशकांपासून असल्याचं सांगतात, म्हणजे ती निजामाच्या राजवटीतली ठरते. बीड १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हैदराबाद संस्थानात होतं. सुरुवातीची कथा ठाकूर आनंदराव देशमुख यांच्या नावाने सांगितली जाते. त्यांच्या जावयाने धुळवडीला रंग लावून घ्यायला नकार दिला. सासऱ्यांनी त्याची समजूत घातली, फुलांनी सजवलेलं गाढव दारात आणलं, जावयाला त्यावर बसवून देवळापर्यंत नेलं, तिथे ओवाळलं, नवे कपडे दिले आणि सोन्याची अंगठी घातली. गाव हसलं आणि पुढच्या वर्षी गावाने दुसरा जावई शोधला.

कथा झकास आहे, पण तिच्यातून निम्माच उलगडा होतो. रंगाला नाही म्हणणाऱ्या जावयाला उचलून हौदात टाकता आलं असतं, चिखलात लोळवता आलं असतं. सासऱ्यांना गाढवच का आठवलं? आणि गाव लगेच का हसलं? न सांगताच सगळ्यांना विनोद कळला, म्हणजे त्याचं निम्मं काम आधीच कोणीतरी करून ठेवलेलं असणार.

ते काम शिक्षेने करून ठेवलं होतं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात एका अपराधासाठी स्त्रीचं मुंडन करून तिला गाढवावरून फिरवायला सांगितलं आहे. मुंडन, गाढव आणि भर रस्ता, हा धिंडीचा सगळा सरंजाम तिथे तयार आहे. त्याहून मजेदार दाखला वाल्मीकींच्या सुंदरकांडात आहे. अशोकवनात राखण करणारी त्रिजटा राक्षसी आपलं स्वप्न सांगते. त्यात रावण अंगाला तेल फासून गाढवं जोडलेल्या रथातून दक्षिणेला, म्हणजे यमाच्या दिशेला निघालेला दिसतो. मग तो गाढवावरून तोंडघशी पडतो, धांदरून उठतो, वेड्यासारखा बरळतो आणि चिखलात रुततो. हे मृत्यूचं अशुभ स्वप्न आहे, राक्षसिणी ते ऐकून घाबरतात. पण वाचताना हसू येतंच. त्रैलोक्याचा स्वामी, दहा तोंडांचा, आणि नेमका तोंडावर आपटलेला! मुक्या चित्रपटातला कोणताही विदूषक या घसरगुंडीवर खूश झाला असता.

धिंड हा प्रकार आपल्याकडचाच आहे असंही नाही. फ्रान्सच्या काही भागांत बायकोचा मार खाणाऱ्या नवऱ्याला गाढवावर उलटं बसवून, शेपूट हातात देऊन फिरवत. इंग्लंडातही अशा वराती निघत आणि थाळ्या-भांडी बडवत गाव मागून चाले. तिथेही शिक्षा आणि तमाशा यांच्यातली रेघ पुसट होती. मार खाणाऱ्याची लाज हीच बघणाऱ्यांची करमणूक.

विड्याने केलं ते याच्या नेमकं उलटं. शिक्षेची सगळी सामग्री जशीच्या तशी घेतली, पण ती गावातल्या सर्वांत मोठ्या मानकऱ्यावर वापरली. जावयाचा मान म्हणजे काय, हे मराठवाड्यात निराळं सांगावं लागत नाही. इथे अधिक महिन्याचं नावच धोंड्याचा महिना. त्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं, कपडे करायचे. संस्कृत सुभाषितकारांनी जावयाला दहावा ग्रह ठरवलं आहे: कायम वाकडा आणि कायम पूजेची अपेक्षा करणारा. बाकीचे नऊ ग्रह शांतीने तरी आवरतात. मुलीचा बाप या दहाव्यापुढे वर्षभर वाकलेला असतो आणि त्याच्याबरोबर सगळं गाव वाकलेलं असतं, कारण लेक एका घराची असली तरी जावई गावाचा असतो.

एवढा मान दिला की त्याची उसनवारी कुठेतरी फेडून घ्यावी लागते. त्याची सोय लग्नातच केलेली आहे. कानपिळीला नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि आहेर घेतल्याशिवाय सोडत नाही. मुंडावळ्या बांधलेल्या, पाटावर बसलेल्या माणसाच्या अंगाला हात लावायची, तीही दुखेल अशी, मुभा त्या एका पोराला. रॅडक्लिफ-ब्राउन या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० साली थट्टेच्या नात्यांवर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की लग्नाने जोडलेल्या दोन घरांत ओढही असते आणि ताणही असतो. तो ताण भांडणावर जाऊ नये म्हणून काही नात्यांत कडक अदब पाळतात आणि काही नात्यांत अपमानाची मोकळीक ठेवतात. आपल्याकडे सासऱ्याने अदब ठेवायची आणि मेहुण्याने कान पिळायचा. विड्यात धुळवडीला सगळं गावच मेहुणा होतं. कानपिळी ही घरातली गोष्ट, गाढव ही वेशीतली, पण दोन्हींचं कूळ एकच.

युरोपच्या विनोदी नाटकांत हीच गोष्ट वेगळ्या अवजाराने साधली. इटलीच्या फिरत्या मंडळ्यांतला हार्लेक्विन दोन पातळ फळ्यांची काठी बाळगायचा. मारली की फळीवर फळी आपटून फटाक आवाज व्हायचा, लागायचं मात्र थोडं. इंग्रजांनी तिला स्लॅपस्टिक म्हटलं आणि पुढे त्या जातीच्या सगळ्या विनोदाला तेच नाव पडलं. १९१२ साली मॅक सेनेटने कीस्टोन कंपनी काढली, तेव्हा काठीची जागा लाथेने, शिडीने, तोंडावर फेकलेल्या ‘पाय’ नावाच्या गोड पदार्थाने घेतली. लॉरेल-हार्डीच्या १९२७ च्या ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’मध्ये तर भर रस्त्यात पायची लढाईच जुंपते. पण वस्तू कोणतीही असो, ती कोणावर पडते याचा नियम कडक होता, आणि तो सगळ्यांत स्वच्छ मांडला चार्ली चॅप्लिनने.

त्याच्या १९१७ च्या ‘दि अ‍ॅडव्हेंचरर’मध्ये सज्जात बसलेल्या चार्लीच्या विजारीत आइस्क्रीम घरंगळतं आणि तिथून सुटून खाली बसलेल्या नटलेल्या, धनाढ्य बाईच्या उघड्या पाठीवर पडतं. पुढच्या वर्षी एका मासिकात त्याने याचा खुलासा केला. तेच आइस्क्रीम घरकाम करणाऱ्या गरीब बाईवर पडलं असतं, तर लोकांना हसू आलं नसतं, तिची कीव आली असती. तिच्याकडे घालवायला प्रतिष्ठाच नाही, श्रीमंत बाईकडे आहे. चॅप्लिनला विडा गाव ठाऊक असण्याचं कारण नाही आणि विड्याच्या सासऱ्यांनी चॅप्लिन पाहिला होता असं मानायचंही कारण नाही, पण दोघांचं निदान एकच आहे. गाढवावर बसवायला मानाचाच माणूस लागतो. शिवाय खेळ संपला की त्याला त्याच्या जागी नीट परत ठेवावं लागतं. पडद्यावरचा मार खाल्लेला माणूस पुढच्या क्षणी टोपी झटकून उठतो. विड्यात हे काम नव्या कपड्यांकडे आहे. ते दिले नाहीत तर उरते ती निव्वळ धिंड.

गाढव आणि जावई यांची जोडी तमाशाच्या रंगभूमीलाही सुचली होती, तीही जास्त धीटपणे. हरिभाऊ वडगावकरांच्या ‘गाढवाचं लग्न’ या वगात गाढव हा शापित गंधर्व असतो आणि सावळ्या कुंभार त्याच्यासाठी थेट राजकन्येला मागणी घालतो. विड्यात जावई गाढवावर बसतो, वगात गाढवच राजाचा जावई होतो. सावळ्याच्या भूमिकेत दादू इंदुरीकरांनी नाव कमावलं; २००७ च्या चित्रपटात ती मकरंद अनासपुरे यांनी केली. तिथेही हसू येतं ते राजाच्या तोंडाकडे पाहून, कुंभाराला कोणी हसत नाही.

आता ज्याला हसता येत नाही तो भाग. हीच सामग्री खालच्या पायरीवरच्या माणसावर वापरली की काय होतं, हे या देशाने पुरेपूर पाहिलं आहे. तोंडाला काळं फासणं, खेटरांचा हार, गावातून फिरवणं. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याने १९८९ मध्येच नग्न किंवा रंग फासून धिंड काढणं गुन्हा ठरवलं होतं. २०१५ च्या दुरुस्तीत पादत्राणांचा हार घालण्याचाही त्यात नाव घेऊन समावेश झाला. म्हणजे जो हार विड्यात धुळवडीला जावयाच्या गळ्यात हौसेने पडतो, तोच हार दलिताच्या गळ्यात घालणाऱ्याला तुरुंग आहे, आणि असलाच पाहिजे. काही जण म्हणतात, मग जावयाचाही हार बंद करा. मला ते पटत नाही. जावयाला दुसऱ्या दिवशी त्याच गावात पंगतीला पहिला पाट मिळणार असतो, धिंड निघालेल्याला तो ना आधी होता ना नंतर मिळतो. पण एखाद्या जावयाने मनापासून नको म्हटलं तर गावाने त्याला सोडून द्यावं, एवढं मात्र नक्की. मूळ कथेतल्या सासऱ्यांनीही आधी समजूत घातली होती, मग गाढव आणलं.

राहिलं गाढव. पूर्वी ते आणायला लांब जावं लागत नसे. कुंभाराकडे, वडाराकडे, बेलदाराकडे, वीटभट्टीवर ते असायचंच. शिवाय बीडच्या सीमेला लागून पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची यात्रा नेमकी होळी-रंगपंचमीच्या सुमारास भरते आणि तिथला गाढवांचा बाजार नावाजलेला. धुळवड आणि गाढव या मुलखात असे एकाच हंगामात येतात. पण माती-वाळू वाहायला ट्रॅक्टर आला आणि गाढवाचं काम गेलं. पशुगणनेत २०१२ साली देशात तीन लाखांहून जास्त गाढवं होती, २०१९ साली सव्वा लाखाच्या आत आली. सात वर्षांत साठ टक्क्यांहून जास्त घट. विड्याच्या पोरांना अजून तरी धुळवडीआधी जावईच हुडकावा लागतो; हे आकडे असेच उतरत राहिले तर शोधमोहीम गाढवापासून सुरू करावी लागेल.