सोलेंटच्या गाळातील ‘मेरी रोझ’

१९ जुलै १५४५ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत, सोलेंटच्या सामुद्रधुनीत, आठव्या हेन्रीच्या आरमारातील ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका फ्रेंचांशी लढताना कलंडली आणि बहुतेक सर्व माणसांसह बुडाली. उजव्या कुशीवर चिखलात रुतलेल्या या जहाजाचा उघडा राहिलेला भाग प्रवाहाने आणि लाकूड पोखरणाऱ्या सागरी जिवांनी संपवला. गाळाखालचा भाग मात्र तेथे प्राणवायू पोहोचत नसल्यामुळे टिकला. १८३६ मध्ये मच्छीमारांची जाळी अडकू लागली, तेव्हा जॉन डीन या पाणबुड्याने तेथून काही तोफा वर काढल्या. पुढे ती जागाच विस्मरणात गेली.

१९६५ मध्ये अलेक्झांडर मॅक्की यांनी हौशी पाणबुड्यांना हाताशी धरून शोध पुन्हा सुरू केला आणि पुढच्याच वर्षी नौदलाच्या दप्तरात १८४१चा एक नकाशा सापडला, ज्यावर बुडाल्याची जागा नोंदलेली होती. १९६७ मध्ये हॅरल्ड एजर्टन या अमेरिकी अभियंत्याची साइड-स्कॅन सोनार यंत्रणा तेथे वापरण्यात आली. बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या या यंत्रातून दोन्ही बाजूंना ध्वनिलहरी सुटतात, तळावरून परतणारा प्रतिध्वनी कागदावर उमटतो आणि उंचवट्यामागे ध्वनी न पोहोचल्याने पडणाऱ्या ‘सावली’च्या लांबीवरून त्याची उंची काढता येते. परंतु हे यंत्र केवळ तळाचा पृष्ठभाग दाखवते. गाळाच्या पोटात शिरण्यासाठी सब-बॉटम प्रोफायलर लागतो. त्याच्या कमी वारंवारतेच्या लहरी थेट खाली जातात आणि दोन थर जेथे भेटतात तेथून त्यांचा काही अंश परततो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, म्हणजे एक शतांश सेकंदाने परतलेला प्रतिध्वनी साडेसात मीटर खोलीवरचा असतो.

अशा सर्वेक्षणातून गाळाखाली मोठी, चमत्कारिक आकाराची वस्तू असल्याचे दिसले. मात्र प्रतिध्वनीवरून आकार कळतो, नाव कळत नाही, आणि जुन्या नकाशाचा आधार नसता तर त्या कागदावरच्या डागाकडे कोणी फारसे लक्ष दिले असते असे वाटत नाही. बुडालेल्या जहाजांना संरक्षण देणारा कायदा १९७३ पर्यंत नव्हता. म्हणून दरम्यानच्या काळात मॅक्की यांच्या मंडळींनी समुद्रतळाचा तेवढा तुकडाच वर्षाला एक पौंड भाड्याने घेतला, ही युक्ती यंत्रांइतकीच महत्त्वाची ठरली. जहाजाच्या सांगाड्याची लाकडे पाणबुड्यांना प्रत्यक्ष दिसली ती ५ मे १९७१ रोजी, आणि उरलेले जहाज ११ ऑक्टोबर १९८२ रोजी पाण्याबाहेर आले.

लोखंडी तोफांसारख्या वस्तूंमुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारा फरक टिपणारा मॅग्नेटोमीटरही अशा शोधात वापरतात. पण लाकूड आणि कांसे त्याला दिसत नाही. लाकडासाठी ध्वनीच उपयोगी पडतो, याचा पुढचा पुरावा जवळच्याच हॅम्बल नदीने दिला. १४३९ मध्ये वीज पडून जळालेले पाचव्या हेन्रीचे प्रचंड जहाज ‘ग्रेस ड्यू’ तेथील चिखलात आहे आणि साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी त्रिमितीय सब-बॉटम यंत्राने, चिखल न उकरता, त्याच्या गाडलेल्या तळभागाचा आकार रेखाटला. शतकानुशतके भिजून झिजलेले ओक लाकूड भोवतीच्या गाळापेक्षा ‘मऊ’ असल्यामुळे त्यावरून परतणारी लहर उलटी होऊन येते. दगडावरून परतणारी लहर तशी उलटत नाही, आणि चिखलाखाली खडक आहे की जहाज, हे ठरवताना हा फरक उपयोगी पडतो.