रानवटपणा

मूळ इंग्रजी शब्द ‘फेरिटी’, आज क्वचितच आढळणारा. लॅटिन ‘फेरुस’ म्हणजे न माणसाळलेला. त्याचे भाववाचक नाम ‘फेरितास’, त्यावरून हा. ‘सॅव्हेज’ मात्र ‘सिल्वा’, म्हणजे वन, यावरून ‘सिल्वाटिकस’ आणि फ्रेंचमार्गे आला. मराठीने हीच दुसरी वाट धरली : अरण्य, प्राकृत ‘रण्ण’, मग ‘रान’ आणि ‘रानटी’. देशावर पिकाच्या शेतालाही रान म्हणतात. रत्नागिरीजवळच्या पालीसारख्या कोकणी गावात रानडुक्कर, रानकोंबडा म्हणताना जंगलच अभिप्रेत असते. ‘रानटी’ला क्रौर्याचा डाग लागला, ‘रानवट’ त्यातून सुटला. म्हणून येथे तोच घेतला आहे. शिंदीच्या ‘फिनिक्स सिल्वेस्ट्रिस’ या शास्त्रीय नावातील दुसऱ्या पदाचाही अर्थ ‘रानचा’ असाच, निर्दोष.