कोयनेचे तीन फेज आणि टेबलावरचे तीन फेज

कोयनानगरला सहल गेली की मुले धरण पाहून परततात. तेथील पाण्यापासून वीज होते ती मात्र सह्याद्रीपलीकडे, पायथ्याच्या पोफळी येथील भूमिगत वीजगृहात, १९६२ पासून. तेथून निघणाऱ्या मनोऱ्यांवरील तारा मुलांना मोजायला सांगाव्यात. माथ्यावरची आकाशातल्या विजेपासून संरक्षण करणारी तार सोडली, तर त्या तीन किंवा तीनच्या पटीत भरतात. तीनच का?

एकाच फेजची शक्ती सारखी कमीजास्त होते. ५० आवर्तनांच्या पुरवठ्यात ती सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते. १८८८ साली इटलीत फेरारिस आणि अमेरिकेत टेस्ला यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की पाव आवर्तनाने मागेपुढे असलेल्या दोन प्रवाहांपासून फिरते चुंबकीय क्षेत्र मिळते. पुढच्याच वर्षी जर्मनीत काम करणाऱ्या डोलिव्हो-डोब्रोवोल्स्की यांनी १२० अंशांच्या अंतराचे तीन प्रवाह घेतले. भार समान असेल तर तिघांची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य, म्हणून परतीची तार नको. आणि एकूण शक्ती अखंड स्थिर! १८९१ मध्ये लाउफेनहून १७५ किलोमीटरवरील फ्रँकफुर्टला अशी वीज नेली, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश शक्ती पोहोचली. डोंगरातले पाणी दूरच्या शहराच्या कामी येऊ शकते, हे सिद्ध झाले. कोयनेची वीज याच वाटेने जाते.

जनित्रात हे १२० अंश जागेतून येतात: वेटोळ्यांचे तीन संच तेवढ्या अंतरावर बसवलेले असतात. पण इलेक्ट्रॉनीय आंदोलकात काहीच फिरत नाही. मग तेथे कोन आणायचा कोठून?

उत्तर आहे, विलंबातून. १९१३ साली माइसनर यांनी निर्वात नळीचे प्रदान पुन्हा तिच्याच आदानाला देऊन अखंड आंदोलने मिळवली. अट एवढीच, की फेरी पूर्ण करून आलेली तरंग मूळ उंचीची आणि मूळ तालात असावी. रोध व धारित्र वापरून हा ताल जुळवणाऱ्या आंदोलकांचे विवेचन गिंझ्टन व हॉलिंग्सवर्थ यांनी १९४१ मध्ये केले.

आता तीन ऑप-अँप वलयात जोडू. प्रत्येक जण तरंग उलटी करतो (१८० अंश) आणि रोध-धारित्राची जोडी तिला ६० अंश मागे सारते, उरले १२०. तीन पायऱ्यांत ३६० अंश, फेरी पूर्ण! ६० अंश मागे सरताना उंची निम्मी होते, म्हणून प्रत्येकाचे विवर्धन २ हवे. वारंवारता √३/(२πRC). प्रत्येक ऑप-अँपच्या प्रदान व उलट्या आदानामध्ये ५६ किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड समांतर जोडा. आदानाला ५६ किलोओहमचे दोन रोध समांतर लावा. सुमारे ४९ आवर्तने मिळतील. आंदोलने सुरू होण्यास विवर्धन २ हून किंचित अधिक लागते. आदानाच्या रोधांना आणखी १ मेगओहम समांतर जोडला की भागते. मग तरंगांचे माथे थोडे चपटे होतात. १९३९ मध्ये ह्युलेट यांनी आपल्या आंदोलकात साधा दिवा बसवून ही अडचण टाळली होती: तरंग वाढली की दिवा तापतो, त्याचा रोध वाढतो आणि विवर्धन आवरले जाते.

पोफळीतला कोन लोखंड-तांब्यात पक्का झालेला आहे. आपल्या मंडलात एखादे धारित्र बदलले तरी तो ढळतो. आम्ही सुचवतो, की विद्यार्थ्यांनी तो मुद्दाम ढळवून पाहावा. आणि शोधावे: पाच ऑप-अँपचे वलय चालते, मग चारांचे का चालत नाही?