ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन

उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो आणि स्वालबार्ड द्वीपसमूहातील लाँगइयरब्येन या दोन विमानतळांमधले अंतर सुमारे 960 किलोमीटर आहे. ट्रॉम्सो 70 अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ, तर लाँगइयरब्येन 78 अंशांच्याही वर. निम्म्या वाटेवरचे बेअर बेट सोडले तर मध्ये नुसता समुद्र. जेट विमान हा पल्ला साधारण दीड-पावणेदोन तासांत गाठते. 1975पूर्वी मात्र हिवाळ्यात निघणाऱ्याला बहुधा बर्फ फुटेपर्यंत थांबावे लागे.

या आकाशमार्गाची सुरुवात शोकांतिकेने झाली. 1928च्या मे महिन्यात उंबेर्तो नोबिलेचे ‘इटालिया’ हे हवाई जहाज ध्रुवावरून परतताना कोसळले. त्याच्या शोधासाठी 18 जून रोजी ध्रुवीय संशोधक रोआल आमुनसेन ‘लाथम 47’ या फ्रेंच सागरी विमानातून ट्रॉम्सोहून स्वालबार्डकडे निघाला. नोबिलेशी त्याचे वैर जगजाहीर होते, तरीही तो गेला. विमानात सहा जण होते. एकही परतला नाही. ऑगस्टअखेरीस विमानाचा एक तरंडा उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ सापडला.

लाँगइयरब्येन हे कोळशाचे गाव. जॉन मनरो लाँगइयर या अमेरिकन उद्योजकाने 1906मध्ये ते वसवले आणि 1916मध्ये खाणी नॉर्वेजियन कंपनीकडे आल्या. शरद ऋतूत फ्योर्ड गोठला की शेवटची बोट निघून जाई आणि खाणकामगार वसंतापर्यंत अडकून पडत. टपाल लष्करी विमानातून पॅराशूटने खाली टाकले जाई. 1959पासून आडव्हेंटडालेन खोऱ्यातल्या गोठलेल्या जमिनीवर अधूनमधून विमाने उतरू लागली. पण बर्फ वितळला की ती सोयही संपे.

पक्की धावपट्टी इतकी रखडली ती केवळ हवामानामुळे नव्हे. 1920च्या स्वालबार्ड कराराने नॉर्वेला सार्वभौमत्व दिले, पण बेटांचा युद्धासाठी वापर करण्यास मनाई केली. बेटांवर सोव्हिएत संघाच्याही कोळसा खाणी होत्या आणि नाटोचा सदस्य असलेल्या नॉर्वेचा विमानतळ उद्या लष्करी तळ बनेल, अशी शंका मॉस्कोला होती. विमानतळ नागरी राहील हे ठरल्यावरच काम मार्गी लागले. 1975मध्ये राजा पाचवा ओलाव याच्या हस्ते उद्घाटन झाले आणि एरोफ्लॉट या सोव्हिएत कंपनीची विमानेही तिथे उतरू लागली. धावपट्टी कायम गोठलेल्या जमिनीवर आहे. उन्हाळ्यात वरचा थर सैल पडला की ती जागोजागी खचते, त्यामुळे डागडुजी कायमची मागे लागलेली.

स्वालबार्ड नॉर्वेचे असले तरी शेंगेन क्षेत्राबाहेर आहे. म्हणून देशांतर्गत प्रवासातही पासपोर्ट किंवा ओळखपत्र दाखवावे लागते. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनाही ही वाट परिचयाची आहे. स्वालबार्डवरील नी-ऑलेसुंद येथे 2008पासून भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र आहे. तिथे पोहोचण्यासाठी लाँगइयरब्येनहून छोट्या विमानाने आणखी सुमारे 110 किलोमीटर वायव्येकडे जावे लागते आणि त्या उड्डाणाला अर्ध्या तासाहून कमी वेळ पुरतो.