गोंधळ : शब्द आणि विधी

नको असलेल्या आवाजाला मराठीत शब्दांची वानवा नाही. गलका, गलबला, कल्ला, गोंगाट, कोलाहल. बोलणाऱ्याने हवा तो उचलावा. कोलाहल ग्रंथात शोभतो, कल्ला पोरांना आणि गलका बाजाराला. पण घरातले वडील माणूस दुपारच्या झोपेतून दचकून उठते व मुलांवर खेकसते, तेव्हा त्याच्या तोंडी पुष्कळदा निराळाच शब्द येतो : "काय गोंधळ घातलाय रे!" आज ह्याच शब्दापाशी आम्ही थांबणार आहोत. बाकीचे शब्द नुसते आवाजाचे आहेत. हा मात्र देवीच्या चौकावरून उठून आलेला आहे.

'घालणे' हे क्रियापद पाहा. गलका होतो, गोंगाट करतात, पण गोंधळ घालतात. धिंगाणाही घालतात हे खरे. परंतु धिंगाण्याला कुलदेवता नाही! लग्न किंवा मुंज पार पडली की कुलदेवीचा गोंधळ घालावा, हा महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांचा कुलाचार. मुले घालतात तो गोंधळ व्याकरणाने अगदी तोच.

त्या विधीत आवाज हा दोष नव्हता, ते त्याचे प्रयोजन होते. रात्री पाटावर चौक मांडावा, कलश ठेवावा, दिवटी पेटवावी. गोंधळ्यांचा नाईक अंगात झगा व गळ्यात कवड्यांची माळ घालून उभा राहतो. एका साथीदाराच्या कमरेला संबळ, दुसऱ्याच्या हाती तुणतुणे. मग गावोगावच्या देवदेवतांना एकेकाचे नाव घेऊन गोंधळाला येण्याचे आवाहन होते. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा अशी ती यादी लांबत जाते. इतक्या दूरच्या मंडळींना हाक मारावयाची, तर ती हळू मारून कसे चालेल? पुढे आख्यान लागते, नाईक व साथीदार यांचे सवालजवाब रंगतात, आणि आरतीपर्यंत कोणी डोळा मिटू नये हे संबळ पाहते. जागर तो हाच. गोंधळ्यांत तुळजाभवानीचे उपासक कदमराई व रेणुकेचे रेणुराई असे दोन मुख्य भेद आहेत.

सोळाव्या शतकात एकनाथांनी ह्याच गोंधळाचे रूपक करून रचना केल्या. लोकांना समजावे म्हणून त्यांनी जी सोंगे उचलली त्यांत वासुदेव आहे, जोशी आहे, तसा गोंधळीही आहे. ऐकणाऱ्याला तो उपद्रव वाटत असता तर नाथांनी परमार्थ सांगण्यासाठी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नसता.

इतिहासाच्या अभ्यासकांवर तर गोंधळ्यांचे ऋणच आहे. १६५९ साली अफजलखानाचा वध झाला. त्यावरचा अज्ञानदासाचा पोवाडा आज आपण छापील वाचतो. पण छापखाना येईपर्यंत असे पोवाडे जगले ते गोंधळ्यांच्या कंठात. हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ते मिळवून १८९१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. हे अ‍ॅक्वर्थसाहेब मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. शहराचे रस्ते व गटारे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला ज्यात इतिहास ऐकू आला, ते सूर कित्येक सुशिक्षितांच्या लेखी रात्रीची झोपमोड एवढेच होते.

शब्दाचा दुसरा अर्थ तोवर चांगला रुळला होता. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात देवीचा उत्सव आणि गडबड-अव्यवस्था हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी बसले आहेत. एक अर्थ अंगणात बसलेल्याचा, दुसरा भिंतीपलीकडे कूस बदलणाऱ्याचा, असे आम्हांस वाटते. आवाज एकच, ऐकणाऱ्याची जागा तेवढी वेगळी. पुढे शब्द कानातून मनात शिरला. माणूस गोंधळतो तेव्हा आवाज मुळीच होत नाही. हिशेबाच्या वह्यांत सावळा गोंधळ असतो, तोही मुका. आणि विधिमंडळातल्या गोंधळामुळे कामकाज तहकूब झाल्याचे वृत्तपत्रात वाचताना कोणाला संबळ आठवत नाही.

कायद्याने ह्या प्रकरणी ध्वनिप्रदूषण हा नवा शब्द घेतला. २००० सालच्या केंद्रीय नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली; रात्र म्हणजे दहा ते सहा. २०१० च्या दुरुस्तीने कर्ण्यांबरोबर वाद्यांनाही रात्री उघड्यावर बंदी आली. आम्ही ह्या नियमांच्या बाजूचे आहोत. भिंती हादरविणाऱ्या कर्ण्यांनी आजाऱ्यांचे व परीक्षार्थींचे जे हाल होतात ते आम्ही पाहिले आहेत. परंतु दोन काठ्यांनी वाजणारा संबळ आणि ट्रकवर रचलेली ध्वनिवर्धकांची भिंत रात्री दहानंतर एकाच कलमाखाली येतात, हे मनाला लागते.

अलीकडे शहरातल्या एका वसाहतीत गोंधळाला बसण्याचा योग आला. रेणुकेचे आख्यान ऐन रंगात असता नाईकांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले, साथीदाराला खूण केली आणि आरती सुरू केली. कथा अर्धीच राहिली. यजमानांच्या वृद्ध मातोश्रींनी शिधा व दक्षिणा पुढे ठेवली आणि विचारले, "नाईक, उरलेली केव्हा सांगाल?" नाईक संबळावर फडके गुंडाळीत म्हणाले, "आईसाहेब, दुपारी बोलवाल तर दुपारी येऊ."