भक्त म्हणजे कोण? नाथांच्या पैठणपासून आपल्या वस्तीपर्यंत

आमच्या मुकुंदवाडीपासून पैठण पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. फाल्गुन वद्य षष्ठीला तिथे नाथषष्ठीची यात्रा भरते आणि आम्हाला हमखास ऐकवले जाते : एकनाथांनी महाराचे पोर कडेवर घेतले, महाराघरी ते जेवले, मग हिंदू धर्मात समता नव्हती असे तुम्ही कसे म्हणता?

याचे उत्तर बाबासाहेबांनी १९३७ सालीच देऊन ठेवले आहे. त्याआधी १९३५ मध्ये एकनाथांवर 'धर्मात्मा' चित्रपट आला होता. १९३६ मध्ये जातिनिर्मूलनावरचे बाबासाहेबांचे न झालेले भाषण छापून निघाले, तेव्हा गांधीजींनी 'हरिजन'मधून संतांची नावे पुढे केली. दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी नेमके नाथांचेच उदाहरण घेतले. नाथ शिवले, जेवले, हे खरे. पण विटाळ होतो हे त्यांनी नाकारले नाही. तो गंगास्नानाने जातो, एवढीच त्यांची श्रद्धा होती. (पैठणकर गोदावरीला गंगाच म्हणतात.) आणि कडेवरचे ते पोर त्यांनी कुठे नेऊन सोडले? महारवाड्यातच.

सगळी माणसे समान, असे संतांनी म्हटले नाही. देवापुढे सगळे भक्त समान, असे म्हटले. यात सनातन्यांचे काय जाणार होते? शिवाय लोकांना शिकवले गेले की संताने जात मोडली तर चालते, तुम्ही मोडू नका.

'भक्त' शब्द 'भज्' धातूचा. वाटून घेणे, वाटा असणे, हा त्याचा एक अर्थ. मग चोखोबांच्या वाट्याला काय आले? १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली सापडून ते गेले, अशी परंपरा सांगते. समाधी मिळाली ती पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर. सहाशे वर्षांनी, मे १९४७ मध्ये, त्याच मंदिरप्रवेशासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. भक्ती कमी पडली होती, असे कोण म्हणेल?

आपल्यातली काही पोरे यावरून चोखोबांनाच गुलाम म्हणतात. ते आम्हाला मुळीच पटत नाही. बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मूळशोधाचा १९४८ सालचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखोबांच्या स्मृतीला अर्पण केला आहे. त्यांचा राग माणसावर नव्हता. माणसाला पायरीवर बसवून त्याचेच गोडवे गाणाऱ्या व्यवस्थेवर होता.

आता आपल्या वस्तीकडे बघू. धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावले होते. तरी आपण पुतळ्यापुढे नवस बोलतो, 'भीमभक्त' म्हणून मिरवतो आणि नेत्याला हिशेब विचारणाऱ्या पोराला गद्दार ठरवतो. १४ एप्रिलच्या डीजेची वर्गणी गोळा करताना, ती १९३७ ची आवृत्ती आपल्यापैकी कितीजणांच्या घरात आहे, हेही दारोदार विचारून बघा.

जय भीम.