इंडियन वुमन्स लीग
इंडियन वुमन्स लीग ही भारतातील महिला फुटबॉलची सर्वोच्च साखळी स्पर्धा आहे. तिचे आयोजन अखिल भारतीय फुटबॉल महासंघ करतो.

इतिहास
पहिल्या हंगामाची अंतिम फेरी २०१७ च्या आरंभी नवी दिल्लीतील आंबेडकर मैदानावर सहा संघांत खेळली गेली. मणिपूरचा ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन संघ विजेता ठरला. त्यानंतर रायझिंग स्टुडंट्स क्लब व सेतू एफसी यांनी विजेतेपद मिळवले. गोकुलम केरळ संघाने सलग तीन स्पर्धा जिंकल्या. कोविडच्या साथीमुळे २०२०-२१ ची स्पर्धा झाली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केले. त्यामुळे ताश्कंदला पोहोचलेल्या गोकुलम संघाला आशियाई क्लब स्पर्धेत खेळता आले नाही.

स्वरूप
आरंभीच्या हंगामांत अंतिम फेरी एकाच शहरात होत असे, त्यामुळे खेळाडूंना वर्षातील काही आठवडेच राष्ट्रीय पातळीवरील सामने मिळत. २०२३-२४ पासून सामने घरच्या व प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर होऊ लागले. दुय्यम श्रेणीही सुरू झाली. या हंगामात ओडिशा एफसी, तर २०२४-२५ मध्ये ईस्ट बंगाल विजेता ठरला.

महाराष्ट्रातील संघ
एफसी कोल्हापूर सिटी (२०१८-१९), मुंबईचे पिफा स्पोर्ट्स (२०२१-२२) व मुंबई नाईट्स (२०२२-२३) हे संघ स्पर्धेत खेळले. मात्र २०२३-२४ च्या सात संघांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. वर्सोव्यानजीक अंधेरी येथील मुंबई फुटबॉल अरेनात २०२२ च्या महिला आशिया चषकाचे सामने झाले होते.